बाजूला पाट्या दिसल्या म्हणजे साइडलॉक नव्हे

२०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असं ठरलं. वारशाने आलेली बंदूकसुद्धा त्याच दोनांत मोजायची. तेव्हापासून विदर्भातल्या जुन्या मालगुजारी घरांत एक वाद सुरू आहे: कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची? या दुनळ्या कधी काळी काटोल, उमरेड, रामटेककडच्या वाड्यांत होत्या, आता नागपूरच्या धंतोली नि सिव्हिल लाइन्सच्या फ्लॅटमधल्या लोखंडी कपाटांत आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपवली. आता त्या बाहेर निघतात त्या दसऱ्याच्या पूजेला आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायला.

बार उडवणारं यंत्र म्हणजे लॉक, आणि ते बाजूच्या पाटीवर बसवलेलं असलं की साइडलॉक. कोणती ठेवायची या वादात घरातलं कोणीतरी जाणकार हटकून म्हणतं, "अरे भाऊ, बाजूला पाट्या दिसून राहिल्या ना, मग साइडलॉकच आहे हे. हेच ठेव." या एका वाक्यापायी चांगल्या बंदुका घराबाहेर गेल्या आहेत आणि नुसत्या नटव्या बंदुका कपाटात राहिल्या आहेत.

बॉक्सलॉक काय असतं ते ज्यांच्या घरी वेब्ली अँड स्कॉटची ७०० आहे त्यांना सांगायला नको. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या अँसन आणि डीली या दोघांनी १८७५ साली बॉक्सलॉकचं पेटंट घेतलं. घोडे, कमानी (स्प्रिंगा), सगळं अॅक्शनच्या, म्हणजे नळ्यांमागच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोटात. भाग मोजके, म्हणून बिघाडही मोजके.

साइडलॉकमध्ये दोन नळ्यांची दोन लॉकं वेगळी असतात आणि प्रत्येक लॉक आपापल्या पाटीवर उभं असतं. घोडा, कमान, सीअर (चढलेला घोडा अडकवून धरणारी खिटी) हे सगळे भाग पाटीच्या आतल्या अंगाला बसवलेले असतात आणि ती अख्खी पाटी दस्त्यात कोरलेल्या खाचेत बसते. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकांचीच ही परंपरा, फक्त घोडे आत गेले. लंडनच्या पर्डी कंपनीची साइडलॉक फ्रेडरिक बीस्लीच्या १८८० च्या पेटंटवर उभी आहे. लंडनच्याच हॉलंड अँड हॉलंडची रॉयलही साइडलॉकच. कमान घोड्याच्या पुढे की मागे यावरून बार-अॅक्शन आणि बॅक-अॅक्शन असे दोन प्रकार पडतात. त्यावरून तासन्‌तास भांडणारे लोक मला भेटतात. ठेवायची कोणती हे ठरवताना तो वाद बाजूला ठेवला तरी चालतो.

खरी फसगत तिसऱ्याच प्रकारात होते: पाट्या लावलेली बॉक्सलॉक. यंत्र सगळं अॅक्शनच्या पोटातच, पण मागे दस्त्यावर दोन्ही बाजूंना शोभेच्या पाट्या. नक्षीला जागा मिळते आणि बंदूक लाटसाहेबाची दिसते. यात कारखानदाराची लबाडी आहे असं समजू नका. बेरेटाची ६८७ ईईएलएल आजही अशाच पाट्या लावून उजळ माथ्याने विकली जाते. लबाडी सुरू होते ती आपल्या दिवाणखान्यात, आजोबांच्या गोष्टीबरोबर.

ओळखायची कशी? आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसायची जागा) रिकामी आहेत याची डोळ्यांनी खात्री करा. मग ती खिडकीच्या उजेडात धरा आणि भिंग घ्या. नक्षीकडे बघू नका. कुत्रे, तितर, फुलं, वेलबुट्टी बघत बसलं की माणूस फसतो. पाटीतून बाहेर आलेली गोल टोकं बघा.

साइडलॉकची पाटी म्हणजे यंत्राचा पाया. भाग तिच्यावर बसवलेले असतात, त्यामुळे त्यांचे आस आणि स्क्रू पाटीच्या बाहेरच्या अंगाला डोकावतात. पाटीच्या मधोमध सगळ्यात ठळक टोक असतं ते घोड्याच्या आसाचं. त्याच्या आसपास घोड्याला आतून धरणाऱ्या पट्टीच्या स्क्रूंची आणि सीअरच्या आसाची टोकं. चांगल्या बंदुकीत आणखी एक, इंटरसेप्टिंग सीअरचं, म्हणजे घोडा चुकून सुटला तर त्याला धरणाऱ्या दुसऱ्या सीअरचं. म्हणजे एका पाटीवर अशी बरीच टोकं, आणि ती मनाला येईल तशी विखुरलेली. ती सुबक ओळीत नसतात, कारण आतलं यंत्र जिथे आहे तिथेच ती येणार. शोभेच्या पाटीवर मात्र ती पाटी दस्त्याला धरून ठेवणारे एक-दोन स्क्रू असतात, बाकी सगळं सपाट.

घोड्याच्या आसाच्या टोकात बऱ्याच वेळा सोन्याची बारीक रेष भरलेली असते. घोडा चढला की आस फिरतो आणि त्याबरोबर रेषही. दोन्ही चेंबरमध्ये स्नॅप-कॅप (दारू नसलेली नकली काडतुसं) घालून, नळ्या सुरक्षित दिशेला धरून चाप दाबा, रेष बघून ठेवा. मग बंदूक उघडून मिटा आणि पुन्हा बघा. रेष फिरली असेल तर त्या पाटीमागे लॉक आहे. शोभेच्या पाटीवरची रेष जन्मभर एकाच दिशेला. रेष मुळातच नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. कित्येक अस्सल साइडलॉकवर ती नसते.

काही नक्षीकारांनी खोटी टोकंही कोरून ठेवली आहेत. अशा वेळी पाटी सोडा आणि तिच्या पुढचं लोखंड, म्हणजे अॅक्शन बघा. अँसन-डीलीच्या रचनेत घोडे आणि सीअर यांच्या पिना अॅक्शनमधून आडव्या आरपार जातात. त्यांची टोकं अॅक्शनच्या दोन्ही कुशींवर, खालच्या बाजूला दिसतात. बंदूक उलटी करा. अॅक्शनच्या पोटाला स्क्रूने बसवलेलं झाकण असेल आणि कुशीला त्या पिना असतील, तर वर कितीही वाघ कोरलेले असोत, ती बॉक्सलॉक आहे.

यापुढे जाऊन पाटी उघडून खात्री करू नका. इथे माझं डोकं फिरतं. या स्क्रूंच्या खाचा ब्लेडच्या धारेसारख्या बारीक असतात आणि चांगल्या कारागिराने त्या सगळ्या नळ्यांच्या रेषेत आणून ठेवलेल्या असतात. हार्डवेअरच्या दुकानातला पेचकस त्यात जातच नाही, गेला तर खाचेचे ओठ फाडूनच बाहेर येतो. एखादी खाच तिरकी दिसली की समजा, तिथे कोणीतरी आधी हात मारून गेलंय. बंदुकीची किंमत नक्षी पुसल्याने उतरते त्याहून जास्त या फाटलेल्या खाचांनी उतरते.

आणखी एक गोंधळ: "लॉक हाताने निघतं, म्हणजे साइडलॉक." हॉलंडच्या काही साइडलॉकना बाजूला छोटी कळ असते, ती फिरवली की पाटी निघते, हे खरं. पण वेस्टली रिचर्ड्सची १८९७ ची ड्रॉपलॉक पोटाखालचं झाकण उघडून लॉकं हाताने बाहेर देते, आणि ती अस्सल बॉक्सलॉक आहे. बाजूंना साधी, पाट्या नाहीत. अशी ड्रॉपलॉक "साधी" म्हणून विकायला निघालेली मी पाहिली आहे, आणि शेजारी पाट्यावाली सामान्य बॉक्सलॉक मखमलीत जपलेली. दोनांत निवडायची असेल तर मी डोळे मिटून ड्रॉपलॉक ठेवीन.

साइडलॉक म्हणजे आपोआप वरच्या दर्जाची, हेही मला मान्य नाही. तिचा खरा फायदा त्या इंटरसेप्टिंग सीअरमध्ये आहे. बहुतेक दुनळ्यांची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोड्याला हात लावत नाही. बंदूक पडली, घोडा झटक्याने सुटला, तर ही दुसरी सीअर त्याला वाटेत धरते. पण स्वस्त साइडलॉकमध्ये ती नसते, आणि काही उत्तम बॉक्सलॉकमध्ये असते. मग पाटीचा अभिमान कशाला?

वापर नाही, नुसती ठेवायची, तरी दोन्हींची निगा सारखी नाही. साइडलॉकचा दस्ता पुढच्या टोकाला आतून खूप कोरलेला असतो, लाकूड तिथे पातळ. तेल ओतून बंदूक नळ्या वर करून उभी ठेवली की ते तेल त्याच लाकडात उतरतं आणि ते मऊ पडतं. नळ्या खाली करून ठेवा. नागपूरचा मे लाकूड वाळवतो आणि जुलै त्याला फुगवतो, त्यात भर म्हणून मखमली पिशवी नको. ती ओल धरते आणि आत गंज. बॉक्सलॉकमध्ये बऱ्याचदा घोडा आणि फायरिंग पिन एकाच तुकड्याची असते, म्हणून रिकामी खटखट केली आणि टोक तुटलं तर अख्खा घोडा दुरुस्तीला. जुन्या इंग्रजी बंदुकीचं चेंबर साइडलॉक असो की बॉक्सलॉक, ६५ मिलिमीटरचं असू शकतं. ७० चं काडतूस त्यात घालायचं नाही, पूजेच्या बारालासुद्धा नाही.

परवान्यावर यातलं काही सापडणार नाही. तिथे "१२ बोअर डीबीबीएल" (मागून भरायची दुनळी) आणि नंबर, संपलं. म्हणून डीलरकडे ठेवायला किंवा ठाण्यात जमा करायला देण्याआधी दोन्ही पाट्यांचे, अॅक्शनच्या कुशीचे आणि पोटाचे जवळून फोटो काढा, फोटोखाली नंबर टाका आणि लॉक कुठल्या जातीचं ते स्वच्छ लिहून पावतीसोबत ठेवा.