पार्श्वभूमी : व्हिक्टोरियन गिरणी-कादंबरी आणि बापाऐवजी मुलीचं नाव

इंग्लंडमधल्या चौकशी समित्या आणि कारखाना कायदे १८३०च्या दशकापर्यंत आलेले, पण गाजलेली कादंबरी गिरणीच्या दारात पोचायला पुढचं दशक उजाडलं. मंदी होती, पाव महागला होता, मताधिकार मागणाऱ्या कामगार चळवळीचे, म्हणजे चार्टिस्टांचे, अर्ज संसद फेटाळत होती. १८४५मध्ये ‘सिबिल’ आली. तिचा लेखक बेंजामिन डिझरायली खासदार, पुढे पंतप्रधान झाला. श्रीमंत आणि गरीब ही दोन राष्ट्रं, हे त्याचं सूत्र गाजलं. मजूर मात्र बरेचसे सरकारी अहवालांतून उचललेले.

१८४८च्या ‘मेरी बार्टन’चं तसं नाही. लेखिका एलिझाबेथ गॅस्केल मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाची पत्नी, गरिबांच्या घरांत जाणारी-येणारी. पुस्तक निनावी निघालं. तिच्या मनातलं शीर्षक होतं ‘जॉन बार्टन’, म्हणजे मेरीचा बाप. त्याचं काम सुटतं, मुलगा आजारी पडतो, डॉक्टर पौष्टिक खायला द्या म्हणतात. नेमकी तेव्हाच त्याच्या जुन्या मालकाची बायको उंची खाऊ घेऊन दुकानातून बाहेर पडताना त्याला दिसते. मुलगा जातो. पुढे कामगारांच्या गुप्त बैठकीत चिठ्ठ्या पडतात आणि दुसऱ्या एका मालकाच्या मुलाचा खून बार्टनच्या वाट्याला येतो.

प्रकाशकाच्या आग्रहाने शीर्षकात मुलगी आली. उत्तरार्ध मेरीच्याच धडपडीचा आहे, तेव्हा बदल योग्यच, असं काही समीक्षक मानतात. ते पटत नाही. खुनी कामगार शीर्षकात असता, तर तो असा का झाला हे वाचकाने पहिल्या पानापासून विचारलं असतं. मेरीच्या नावामुळे वाचक आधी प्रेमकथा शोधतो. गिरणीमालकांच्या बाजूचे टीकाकार तरीही चिडलेच: मालकांवर अन्याय झाला म्हणे!

१८५४मध्ये गॅस्केलच्या बाबतीत पुन्हा तेच. प्रेस्टनच्या गिरणी कामगारांचा संप ताजा होता. ‘हार्ड टाइम्स’ एका साप्ताहिकात संपली आणि पाठोपाठ तिथेच हिची नवी कादंबरी सुरू झाली. तिला शीर्षक हवं होतं ‘मार्गारेट हेल’, म्हणजे नायिकेचं नाव. संपादकाने, म्हणजे ‘हार्ड टाइम्स’च्याच लेखकाने, चार्ल्स डिकन्सने, ‘नॉर्थ अँड साउथ’ सुचवलं. या वेळी नायिका मागे गेली आणि प्रश्न पुढे आला.

या पुस्तकांना ‘औद्योगिक कादंबऱ्या’ म्हणून एकत्र बांधणारं प्रभावी विवेचन १९५८चं, समीक्षक रेमंड विल्यम्सचं. त्यात सहा कादंबऱ्या आहेत, एकही कामगार चळवळीतल्या माणसाची नाही. १८४९-५०मध्ये चार्टिस्टांच्या वृत्तपत्रात ‘सनशाइन अँड शॅडो’ क्रमशः येत होती, चळवळीतल्याच कार्यकर्त्याने लिहिलेली. ती त्या यादीत नाही.