खिडकी बंद केली की वास परत का येतो?

बोंबील तळून झाले की आपण खिडक्या सताड उघडतो. दहा मिनिटांत घर मोकळं वाटतं. खिडक्या लावल्या की थोड्या वेळानं तोच वास पुन्हा नाकाशी येतो. हा भास नाही.

जून २०१८ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन इथे, टेक्सास विद्यापीठाच्या एका प्रायोगिक घरात शास्त्रज्ञांनी महिनाभर रांधलं, फरश्या पुसल्या आणि हवेतली रसायनं मोजली. डेल्फीन फार्मर आणि मरीना व्हान्स यांच्या नेतृत्वाखालचा हा ‘होमकेम’ प्रयोग. खिडक्या-दारं उघडताच अमोनिया, व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल, नायट्रस आम्ल असे वायू झपाट्यानं उतरले. बंद केल्यावर मात्र काही मिनिटांतच ते जवळपास पहिल्या पातळीवर आले. नवं काहीही शिजत नसताना!

ते येत होते भिंतींतून. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशी रिकामी खोली घ्या. हवा हजार घनफूट, आणि तिला भिडलेला पृष्ठभाग सहाशे चौरस फूट. त्यात पडदे, गाद्या, कपाटं आली की हा पसारा कितीतरी वाढतो. रंगात, कापडात, तेलकट थरात हे रेणू मुरून बसतात. हवेतले निघून गेले की आत मुरलेले बाहेर येतात. कार्बन डायऑक्साइड असा मुरत नाही, म्हणून खिडकी उघडल्यावर तो खरोखरच जातो.

त्यामुळे माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की खिडकी फोडणी देतानाच उघडा, धूर भिंतींत मुरायच्या आधी. नंतर उघडलीत तर बराच वेळ उघडी राहू द्या.

खिडकीतून आत येणाऱ्या हवेचंही स्वतःचं रसायन असतं. शहरात कडक उन्हाच्या दुपारी ओझोन हा वायू वाढतो आणि वाऱ्याबरोबर घरात शिरतो. लिंबाच्या वासाच्या क्लीनरनं नुकतीच फरशी पुसली असेल, तर त्यातल्या लिमोनीन या वासाच्या द्रव्याशी ओझोनची गाठ पडते आणि फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू व अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणून असं पुसणं मी सकाळीच उरकावं म्हणेन. आपल्या त्वचेवरच्या तेलाशीही ओझोन संयोग पावतो. माणसांनी भरलेल्या खोलीत तो कमी सापडतो आणि त्या संयोगातून झालेले पदार्थ जास्त.