गंगखर पुएन्सुम

भूतानच्या उत्तरेस, तिबेटच्या सीमेलगत असलेले हिमशिखर. उंची ७,५७० मी. आजवर कोणीही न चढलेल्या स्वतंत्र शिखरांत ते सर्वांत उंच आहे. मात्र निव्वळ अवघडपणामुळे ते अजिंक्य राहिले, असे समजणे बरोबर नाही.

शिखर स्वतंत्र की उपशिखर, हे नुसत्या उंचीवर ठरत नाही. माथ्यावरून निघून त्याहून उंच शिखर गाठायचे, तर वाटेत किमान किती खाली उतरावे लागते, हे मोजतात. गंगखर पुएन्सुमच्या बाबतीत हे अंतर सुमारे २,९९५ मी. भरते. उतार थोडाच असेल, तर तो माथा मोठ्या शिखराच्या धारेवरचा उंचवटा ठरतो.

भूतानने १९८३ मध्ये गिर्यारोहणास परवानगी दिली आणि १९८५-८६ मध्ये चार मोहिमा येथे आल्या. चारही अयशस्वी झाल्या. नकाशे सदोष असल्याने पायथ्याची योग्य वाट शोधण्यातच बराच वेळ जाई. पूर्व हिमालयात मोसमी पाऊस लवकर पोहोचतो व जोरदार बरसतो. तो ओसरल्यावर धारेवर सोसाट्याचे वारे सुरू होतात. चढाईसाठी या दोन्हींमधले मोजकेच दिवस उरतात. तेवढ्यात तळ उभारणे, विरळ हवेची शरीराला सवय करणे आणि वरच्या छावण्यांत सामान पोहोचवणे, हे सारे बसवावे लागते.

उंच शिखरे देवतांचे निवासस्थान आहेत, ही स्थानिकांची श्रद्धा. तिचा मान राखून १९९४ मध्ये ६,००० मी. वरील शिखरांवर बंदी आली आणि पुढे २००० नंतरच्या दशकात गिर्यारोहणच बंद झाले. हा निर्णय आदराने पाळण्याजोगा आहे. नेपाळमधील माच्छापुच्छ्रे (६,९९३ मी.) हे शिखरही असेच बंद आहे, १९५७ च्या ब्रिटिश मोहिमेतील दोघे माथ्याच्या सुमारे ५० मी. खालून परतले होते.

तिबेटच्या बाजूने चढण्याचा प्रयत्नही झाला. एका जपानी चमूला चीनकडून मिळालेली परवानगी १९९८ मध्ये भूतानच्या हरकतीनंतर मागे घेतली गेली. सीमारेषेबाबत दोन्ही देशांचे नकाशे जुळत नाहीत, हे वादाचे मूळ. पुढच्या वर्षी त्या चमूने शेजारचे ल्यांगकांग कांगरी (७,५३५ मी.) सर केले. तेथून मुख्य शिखराकडे लांबलचक धार जाते; तिच्यावरून पुढे जाणे झाले नाही. ल्यांगकांग हे याच शिखराचे उत्तरेकडील उपशिखर मानले जाते, त्यामुळे ती चढाई गंगखर पुएन्सुमची म्हणून धरली जात नाही.