जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल घेताय? आधी नळीत डोकवा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं आणि आमच्या बेळगावच्या काउंटरवर एकच विचारणा सुरू झाली, "लांबवर मारायची रायफल आहे का? जुनी असली तरी चालेल." पोराचं गाव राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, म्हणजे निपाणीकरांना घरचंच. त्याआधी 2010 साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं होतं. ही हौस आम्हाला आवडते. पण दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हा कागद.

पहिली गोष्ट. त्या दोघांचीही पदकं .22 बोअरवरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात) आहेत आणि अंतर 50 मीटरचं. कमी वाटतं ना? त्या निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. 50 मीटरला नेम बांधलेली .22 ची गोळी 100 मीटरला 15 ते 20 सेंटिमीटर खाली जाते आणि वारा तिला वाटेल तिकडं ढकलतो. ज्याला 100 मीटरवर .22 नं वारा वाचता आला, त्याला पुढं मोठी रायफल जड जात नाही. उलट सुरुवात करणाऱ्याला खांद्याच्या धक्क्यानं डोळे मिटायची सवय लागते, आणि ती सुटता सुटत नाही.

मोठ्या बोअरची स्पर्धा 300 मीटरला होते आणि तिथं दहाचं वर्तुळ 10 सेंटिमीटरचं. त्यासाठी आपल्याकडच्या जुन्या मालात .30-06 शोधा. निवृत्त फौजी मंडळी येऊन थ्री नॉट थ्री, म्हणजे .303, मागतात. हातात बसलेली असते, त्यांचं चुकत नाही. पण .303 आणि फौजेचं 7.62 हे प्रतिबंधित बोअर आहेत, साध्या परवान्यावर बसत नाहीत. म्हणून तर इशापूरच्या कारखान्यानं ली-एनफिल्डच्याच धर्तीवर .315 काढली. ती दणकट आहे, काडतूसही मिळतं. लांबच्या निशाण्यासाठी मात्र आम्ही ती सुचवत नाही. गोळी जड, नाकाला बोथट, लांब गेली की भराभर खाली उतरते. .275 किंवा 9.3 ची जुनी विलायती रायफल दिसायला राणी असते, पण तिचं काडतूस शोधताना जीव मेटाकुटीला येतो. रायफल एकदाच घ्यायची असते, काडतुसं दर वर्षी. ज्याची गोळी मिळत नाही ती भिंतीवर टांगायची वस्तू, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता रायफल हातात घ्या. आधी मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) मागं ओढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. मालकानं "रिकामी आहे" म्हटलं तरी. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि मागच्या बाजूनं नळीतून पांढऱ्या भिंतीकडं पाहा. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचा, धारदार, एकसारखे फिरत गेलेले दिसायला हवेत. तेल लावून चकचकीत केलेली नळी फसवते. म्हणून आमच्या दुकानात आम्ही आधी कोरड्या फडक्यानं तेल पुसून काढतो आणि मगच गिऱ्हाइकाला नळी दाखवतो. चेंबरच्या लगेच पुढं आटे जिथं सुरू होतात ती जागा काळवंडलेली, भेगाळलेली असेल तर रायफल खूप चालली आहे. मध्येच गडद कडं दिसलं तर तिथं नळी फुगलेली असू शकते. तशी रायफल परत ठेवा, भावात घासाघीस करू नका.

नळीचं तोंड हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कापूस गुंडाळलेली कानकाडी घ्या आणि तोंडाच्या आतल्या कडेवरून हळू फिरवा. तंतू जिथं अडकतो तिथं कड उडालेली आहे, आणि बाहेर पडताना गोळीला शेवटचा स्पर्श होतो तो नेमका तिथंच. लोखंडी गज पुढून घालून वर्षानुवर्षं साफ केलेल्या रायफलींचं तोंड एका बाजूला झिजलेलं असतं. बाहेरून शाबूत, आणि निशाण्यावर गोळ्या भाताच्या पेरणीसारख्या विखुरलेल्या. चांगल्या कारागिराकडून तोंड नव्यानं करून घेता येतं, पण त्याचा खर्च भावातून वजा करून मागा.

मग लाकूड. खानापूर, जांबोटी भागातली रायफल असेल तर दस्ता जास्तच बारकाईनं बघा. चार महिने पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि नळीला एका अंगानं रेटायला लागतं. सकाळी वेगळीकडं आणि दुपारी वेगळीकडं मारणारी रायफल बहुधा अशीच असते. वहीचा कागद घेऊन नळी आणि लाकडाच्या मधून सरकवा, कुठं अटकतो ते कळेल. (ली-एनफिल्ड घडणीच्या रायफलीत पुढचं लाकूड मुद्दाम टेकवलेलं असतं, तिथं ही परीक्षा लागू नाही.) दस्त्याची मान, म्हणजे मूठ धरतो ती जागा, तिथं केसाएवढी चीर असली तरी ती वाढणारच. अथणीकडच्या कोरड्या हवेतल्या रायफली लाकडाला बऱ्या निघतात, हा आमचा अनुभव.

बोल्ट बंद केल्यावर त्यावरचा आणि नळीवरचा नंबर एकच आहे का ते पाहा. बोल्ट बदललेला असेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढं काडतुसाला मिळणारी जागा, गेजनं मोजल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. नंबर घासलेला असेल तर ती रायफल हातातसुद्धा धरू नका. नळी कापून आखूड केलेली असेल तरी तेच, तो गुन्हा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात. घरात 12 बोअरची बंदूक आणि रिव्हॉल्व्हर असेल तर तिसरी रायफल बसणार नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला सरावाच्या .22 साठी मात्र या मर्यादेतून सूट आहे, म्हणून आधी क्लब, मग खरेदी. परवानाधारकाकडून परस्पर घेताय तर विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. "आज पैसे, उद्या रायफल" असं व्हॉट्सॲपवर कोणी म्हणालं तर तिथंच थांबा. कोडगूच्या लोकांना जी परंपरागत सूट आहे ती आपल्या बेळगाव जिल्ह्याला नाही, हेही दर महिन्याला कोणालातरी सांगावं लागतं.

सीमाभागाचा घोळ वेगळाच. चुलते गडहिंग्लजला, पुतण्या चिकोडीला. चुलते वारल्यावर रायफल गाडीत घालून घरी आणली असं सहज सांगणारे लोक आम्हाला भेटतात. असं करू नका. परवाना माणसाबरोबर संपतो; हत्यार आधी तिथल्याच ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं, मग वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा. तुमच्या परवान्यावर फक्त कर्नाटक लिहिलेलं असेल तर शिनोळीच्या पलीकडं चंदगडला किंवा चोर्ल्यानं गोव्याला रायफल नेता येत नाही, स्पर्धा असली तरी. आधी हद्द वाढवून घ्या. निवडणुकीत हत्यार जमा करायचा आदेश निघाला की पावती जपून ठेवा.

राहता राहिला प्रश्न जागेचा, खरं तर तो पहिला. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावात आहे म्हणून तिथल्या रेंजवर आपल्याला सोडतील असं धरून चालू नका. शेतात, खाणीत, डोंगराच्या कुशीत सराव करणं बेकायदा आहे आणि .30-06 ची गोळी चुकली तर कित्येक किलोमीटर जाते. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेणं हाही गुन्हा. शिकारीचं नाव तर काढूच नका. कुठल्या रेंजवर, महिन्यातून किती वेळा जाणार याचं उत्तर तुमच्याकडं नसेल तर आम्ही रायफल विकायची घाई करत नाही. अशा गिऱ्हाइकाला आम्ही 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल दाखवतो. तिला परवाना लागत नाही, 10 मीटरची जागा पुरते, आणि श्वास व ट्रिगर दोन्ही तिच्यावरच शिकायचे असतात.

बघायला येताना मूळ परवाना घेऊन या, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. कन्नडमधला शेरा वाचता येत नसेल तर आम्ही वाचून दाखवू. शक्यतो सकाळी या, दुकानाची पांढरी भिंत पूर्वेला आहे आणि अकरापर्यंत नळीतलं सगळं स्वच्छ दिसतं.