'नंबर द स्टार्स'मागचा खरा डेन्मार्क

लोइस लोरी यांच्या 'नंबर द स्टार्स' (१९८९) या कादंबरीत दहा वर्षांची अ‍ॅनमरी टोपली घेऊन पहाटे जंगलवाटेने धावत सुटते. पाव आणि चीजखाली एक पाकीट दडवलेलं असतं. जर्मन सैनिक तिला अडवतात, कुत्री गुरगुरतात, पाकीट फाडलं जातं आणि आत निघतो नुसता हातरुमाल.

असे रुमाल खरोखर वापरले गेले. वाळवलेलं रक्त आणि कोकेन यांची पूड त्यांना लावलेली असे. रक्ताच्या वासाने कुत्रा रुमाल हुंगायचा, कोकेनने त्याचं नाक बधिर व्हायचं आणि होडीत लपून स्वीडनला निघालेले ज्यू त्याला सापडायचे नाहीत.

जर्मनीने ९ एप्रिल १९४० रोजी डेन्मार्कचा ताबा घेतला, पण डॅनिश सरकार राहू दिलं. राजा दहावा ख्रिश्चन कोपनहेगनमध्ये पहाऱ्याविना घोड्यावरून फेरी मारत असे. नाझी ज्यूंना ओळखीसाठी कपड्यांवर पिवळा तारा लावायला लावत; राजाने स्वतः तो लावला, ही लोकप्रिय गोष्ट मात्र खरी नाही. डेन्मार्कमधल्या ज्यूंवर ताऱ्याची सक्ती कधी झालीच नाही. पुढे संप आणि घातपात वाढले. २९ ऑगस्ट १९४३ला लष्करी कायदा आला आणि डॅनिश नौदलाने आपलीच जहाजं बुडवली. कादंबरीतल्या धाकट्या कर्स्टीला ते स्फोट आपल्या वाढदिवसाची आतषबाजी वाटतात. पाच वर्षांच्या मुलीला आई दुसरं सांगणार तरी काय?

ज्यूंची धरपकड १ ऑक्टोबरच्या रात्री करायचं ठरलं होतं. जर्मन वकिलातीतल्याच गेओर्ग डुकविट्झ या अधिकाऱ्याने ही बातमी डॅनिश नेत्यांपर्यंत पोचवली. २९ सप्टेंबरला सकाळी धर्मगुरू मार्कुस मेल्चिओर यांनी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जमलेल्यांना सांगितलं: घरी थांबू नका, लपा. स्वीडननेही येणाऱ्यांना आसरा देऊ, असं रेडिओवरून जाहीर केलं. हेल्सिंग्योरपाशी स्वीडनचा किनारा जेमतेम चार किलोमीटरवर आहे.

बातमी वेळेत फुटली, समुद्र अरुंद होता, पलीकडचं दार उघडं होतं. हे तिन्ही जुळून आलं नसतं, तर नुसत्या चांगुलपणाने एवढी माणसं वाचली नसती असं मला वाटतं. पण पलीकडे पोचेपर्यंत त्यांना कुणीतरी घरात घ्यावंच लागणार होतं. कोपनहेगनच्या बिस्पेबिएर्ग रुग्णालयात डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी शेकडो लोकांना दडवलं. काहींना तर अंत्ययात्रेला आल्याच्या बतावणीने तिथे आणलं. कादंबरीतल्या खोट्या अंत्यविधीत कधी अस्तित्वातच नसलेल्या, नात्यातल्या आजीची शवपेटी येते, ते वाचताना हे हमखास आठवतं. काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे ७००च्या आसपास बिगर-ज्यू नातलग पार झाले.

मुलांच्या पुस्तकात न मावलेल्याही काही गोष्टी आहेत. अनेक कोळ्यांनी पैसे घेतले, काहींनी भरमसाट घेतले. त्यांची होडी आणि जीव दोन्ही पणाला लागले होते, तेव्हा मी त्यांना दोष देणार नाही. शिवाय ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी वर्गणी जमवली गेली. अ‍ॅनमरीचा मामा ज्या गिलेलाय गावचा कोळी, तिथल्याच चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ८० जण गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, हाती लागले.

पकडलेल्या सुमारे ४७० जणांना जर्मनव्याप्त चेक प्रदेशातल्या तेरेझिनच्या नाझी छावणीत नेण्यात आलं. डॅनिश अधिकारी त्यांची सतत चौकशी करत राहिले, मायदेशातून खाण्याची पार्सलं जात राहिली. जवळपास ५० जण तिथेच दगावले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना एप्रिल १९४५मध्ये रेड क्रॉसच्या पांढऱ्या बसगाड्यांनी बाहेर काढलं.