युद्धकाळातील पुणे (१९३९–४५)

दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांतले पुणे. शत्रूची विमाने या शहरावर कधी आली नाहीत. तरीही लढाई इथल्या स्वयंपाकघरात, खिशात आणि भिंतीवरच्या घड्याळात शिरली.

पुणेकर ‘लष्करात जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा तो भरती व्हायला निघालेला नसतो, कॅम्पात खरेदीला निघालेला असतो. पेठा आणि कॅम्प यांचे हे शेजारपण जुने. दक्षिण कमांडचे मुख्यालय इथेच, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा, आणि ‘बॉम्बे सॅपर्स’ या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे ठाणेही खडकीलाच. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी १९३९ मध्ये लोहगावचा तळ झाला. पेठांना मात्र इंग्रजांच्या लढाईबद्दल आपुलकी वाटण्याचे कारण नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांताच्या काँग्रेसी खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हिंदुमहासभेचे सावरकर मात्र तरुणांनी सैन्यात शिरून शस्त्रविद्या शिकावी, असे सांगत होते. जुलै १९४० मध्ये काँग्रेस महासमिती पुण्यातच बसली. स्वातंत्र्य मान्य करा, राष्ट्रीय सरकार द्या, मग युद्धात साथ देतो, असा तिचा प्रस्ताव होता. सरकारने तो मानला नाही. दोन वर्षांनी ‘छोडो भारत’ची हाक आली आणि गांधीजींना पुण्याच्याच आगाखान महालात ठेवले गेले. तिथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या.

घरात युद्ध कळायचे ते टंचाईतून. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झाले, पुढे पुण्यासारख्या शहरांतही आले. ‘कंट्रोल’ (म्हणजे सरकारी नियंत्रण) आणि ‘काळाबाजार’ हे शब्द जोडीनेच घरोघर पोहोचले. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, तशी जुनी चांदीची नाणी लोकांनी दाबून ठेवली. १९४३ चा पैसा तर मधोमध मोठे भोक असलेला निघाला. तांबे वाचवायला काढलेले हे कडे, दोऱ्यात ओवता येईल असे. सरकारची तंगी याहून उघडी कुठे दिसली नसेल.

घड्याळाची गंमत निराळीच. १ सप्टेंबर १९४२ पासून सगळ्या देशाची घड्याळे तासभर पुढे केली गेली, ती ऑक्टोबर १९४५ पर्यंत. कचेरी नव्या वेळेने भरायची. पंचांगातला मुहूर्त सूर्याच्या हिशेबाचा, तेव्हा लग्नपत्रिकेवरची वेळ जुनी धरायची की नवी, हा घोळ होणे साहजिकच होते.

दूरदेशीची आघाडी मराठी घरांत तारेने आणि मनीऑर्डरीने पोहोचे. ‘बॉम्बे सॅपर्स’चे प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या आरंभी ॲबिसिनियात (आजचा इथिओपिया) सलग चार दिवस रस्त्यावरचे सुरुंग काढले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे या युद्धातले ते पहिले भारतीय अधिकारी. मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, नंतर इटलीत. तिथे जुलै १९४४ मध्ये धारातीर्थी पडलेल्या यशवंत घाडगे यांना हाच सन्मान मरणोत्तर मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणले. मग एकट्याने मशिनगनची ठाणी गप्प केली, बांधावर चढले आणि मराठ्यांची आरोळी ठोकून मागच्यांना पुढे बोलावले.

इकडे पुण्यात फुटलेला बॉम्ब घरचाच होता. २४ जानेवारी १९४३ रोजी कॅम्पातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात (आजचे व्हिक्टरी) स्फोट होऊन ब्रिटिश सैनिक मेले. कटातले भास्कर कर्णिक लष्कराच्याच दारूगोळा विभागात नोकरीला होते. म्हणजे इंग्रजांच्या युद्धासाठी साठवलेली दारू त्यांच्यावरच उलटली. पकडल्यावर कर्णिकांनी फरासखाना पोलीस चौकीत विष घेतले. त्यांचे स्मारक तिथेच आहे. समोरून रोज हजारो वाहने जातात, थांबतो क्वचितच कोणी.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक थडग्यांची निगा अजून राखली जाते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा उगमही याच युद्धात सापडतो. सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला म्हणूनच ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात.