गोळी सुटण्याआधीच बंदूक हलते

ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या) रायफलने १००० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवर नेम धरायचा, तर रायफलला जोडून दंडाला अडकवायचा पट्टा किंवा टेकू फक्त हात स्थिर ठेवण्यासाठी नसतो. साडेचार किलोची रायफल, ३४ ग्रॅमची शिशाची गोळी आणि तीन फुटी नळी असं गणित मांडलं, तर गोळी नळीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत रायफल सुमारे ७ मिलिमीटर मागे सरकलेली असते. दस्ता नळीच्या रेषेखाली असल्याने तोंड वर उचललं जातं, आणि गोळी अजून आतच असते. एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक पडला, तरी लक्ष्यावर २७ सेंटीमीटरची चूक. धक्का टळत नाही. तो दर वेळी सारखा बसायला हवा.

पोटावर झोपून पट्टा लावताना तो दंडावर वर, काखेजवळ घ्या. मधोमध आवळला तर धमनी दाबली जाते आणि नाडीचा प्रत्येक ठोका माशीवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या नेमखुणेवर, दिसू लागतो. जाड कोटाचा इथे खरा उपयोग. रायफलचं वजन पट्ट्याने आणि हाडांनी पेलावं, स्नायू सैल राहावेत. डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा. नेम बाजूला गेला असेल तर हाताने ओढून आणू नका. डावं कोपर जागेवर ठेवून सगळं शरीर वळवा. पट्टा एकदा सैल, एकदा घट्ट झाला की नळीवरचा ताण बदलतो आणि गोळ्या वर-खाली पडतात. चामडं ओलसर हवेत ताणतं, त्यामुळे पट्ट्याचं नुसतं भोक मोजून भागत नाही.

टेकू मनगटाखाली असेल तर रायफल हातातच राहते आणि हाताचं मांस धक्का मुरवतं. काठ्यांच्या कैचीवर थेट नळी ठेवली तर गोष्ट वेगळी: टेकायची जागा पुढेमागे झाली की उसळीही बदलते. नळीवर खूण करून ठेवा. शिवाय मऊ जमिनीत काठ्या गोळीगणिक रुततात.

आणि ठासणीचा खरा त्रास असा की दर गोळीनंतर उठावंच लागतं: नळी पुसा, दारू ओता, गोळी ठासा, पुन्हा झोपा. दारू पेटवणारी टोपी मात्र नळी लक्ष्याकडे वळल्यावरच चढवायची. जमवलेली बैठक प्रत्येक वेळी मोडते, म्हणून दोन्ही कोपरांच्या जागा चटईवर खडूने आखाव्यात.

१८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरच्या नेमबाजी मैदानावर आयरिश संघ ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन उतरला आणि अमेरिकन संघाकडून ९३४ विरुद्ध ९३१ असा हरला. आयरिश संघातल्या एकाची गोळी शेजारच्या लक्ष्याच्या केंद्रात लागली होती. तिला शून्य मिळालं. योग्य लक्ष्यावर तिचे चार गुण झाले असते.